मुलगी म्हणते व्हायोलिनच करणार, पोट भरेल का?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना माझे बाबाच आठवले. १९८१ साली त्यांच्याही मनात हेच होतं, फक्त कोणाला विचारावं ते त्यांना कळत नव्हतं. तुमची मुलगी १६ वर्षांची, अकरावी सायन्स, सात वर्षं खाली बसून हिंदुस्तानी व्हायोलिन शिकतेय, आणि दिवाळीनंतर तिने घरात जाहीर केलं की एन्ट्रन्स देणार नाही, कॉन्सर्टच करणार. तुम्ही विचारताय की यात पोट भरतं का, वेस्टर्नकडे वळवावं का, आणि ग्वाल्हेरात राहून हे होईल की मुंबई-पुण्याला पाठवावंच लागेल. मी चाळीसच्या वर वर्षं व्हायोलिन वाजवतेय, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच राहते, आकाशवाणीची ए ग्रेड आहे, साथ केली, सोलो केले, शिकवते. जे माहीत आहे ते सगळं सांगते, थोडं लांबेल.

पोट भरतं. पण सोलो कॉन्सर्टवर नाही भरत, निदान पहिली पंधरा-वीस वर्षं तरी नाही. बाहेरून सगळ्यांना दिसतो तो स्टेजवरचा एक तास, मागे तानपुरे, शेजारी तबला, आणि मधे ती. तो तास खराच असतो आणि त्याच्यासारखं सुख नाही, पण वर्षातून असे तास किती येतात? माझ्या चांगल्यातल्या चांगल्या वर्षात सोलो बारा होते. बाकी सगळं वर्ष साथसंगत, शिकवण्या, रेडिओचं रेकॉर्डिंग, मधेच एखाद्या नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला बोलावणं, कुठे कीर्तनाच्या साथीला. आमच्या घरात माझ्याकडून शंभर रुपये आले असतील तर त्यातले साठ शिकवण्याचे, तीस साथीचे आणि दहा सोलोचे, साधारण हाच हिशोब राहिला. मुलीला हे आत्ताच सांगा, पण घाबरवायला म्हणून नको. साथ करणं ही खालची पायरी आहे असं तिच्या डोक्यात असेल (आजकालच्या मुलांच्या असतं, कारण मोबाईलवर सोलोचेच व्हिडिओ दिसतात) तर ते आत्ताच निघायला हवं. माझ्या मते हिंदुस्तानी व्हायोलिनिस्ट घडतो तो साथीतच, आणि जो कधीच गायकाच्या मागे बसला नाही त्याचं सोलो पण मला कोरडं वाटतं.

व्हायोलिन आपल्याकडे गाण्याच्याच मागे मागे आलं हो. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांच्यापासून, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीपासून, ते कर्नाटक संगीतात रुळलं. उत्तरेत खूप उशिरा आलं, आणि सारंगी असताना याचं काय काम असंच लोकांना वाटायचं. मग १९४० मध्ये रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली, आणि त्या काळात रेडिओवर गायकांना साथीला सारंगी नाहीतर व्हायोलिन लागायचं. त्याच सुमाराला आपली मोठी माणसं उभी राहिली. गजाननराव जोशी (१९११ ते १९८७) हे तर स्वतः ग्वाल्हेर घराण्याचे पक्के गवई, गळा आणि गज (व्हायोलिन वाजवायची केसांची काठी) दोन्ही एकाच माणसाकडे. व्ही. जी. जोग वाईचे, १९२२ चा जन्म, बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर त्यांच्या जुगलबंदीची रेकॉर्डिंग्ज आहेत, ती मुलीला ऐकवा, शहनाईला फुंक असते तशी फुंक गजात कुठून आणायची ते कळेल. आणि डॉ. एन. राजम. त्या मूळच्या कर्नाटक पद्धतीच्या, नंतर पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे शिकल्या आणि ख्याल, म्हणजे रागदारीतलं मुख्य गाणं, जसाच्या तसा व्हायोलिनवर आणला. ओंकारनाथ हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे, आणि बाळकृष्णबुवांची गायकी कुठली तर आपल्या ग्वाल्हेरची. म्हणजे ज्याला आज सगळे व्हायोलिनचं गायकी अंग म्हणतात त्याचं एक मूळ आपल्याच गावात आहे. मुंबई-पुण्याला पाठवावंच लागेल का, याचं अर्धं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

आता साथ म्हणजे काय ते जरा सांगते, कारण करिअर करिअर म्हणतो ते खरं यावर उभं आहे. गायक जे गातो ते आपण अर्ध्या पावलाने मागून वाजवायचं, पण सावलीसारखं, त्याच्यावर चढून नाही. तो श्वास घेतो तेवढ्या फटीत त्याचंच वाक्य पुरं करायचं, नवीन वाक्य सुरू नाही करायचं. तो तानेत गेला की सगळी तान पकडायचा हट्ट नको, तिचा आकार पकडायचा आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, त्याच्याबरोबर उतरायचं. आणि त्याने रागातली जी जागा अजून उघडली नाही ती आपण आधी उघडायची नाही. हे शेवटचं मी फार महाग शिकले. तेवीस वर्षांची होते, बाहेरच्या शहरात एका मोठ्या गायिकाबाईंना साथीला बसले, मारवा राग चालू होता. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवतावर फिरत राहायचं आणि षड्ज जितका लांबवता येईल तितका लांबवायचा, ऐकणाऱ्याला तहान लागली पाहिजे. बाई वीस मिनिटं ते बांधत होत्या. एके ठिकाणी त्यांनी श्वास घेतला आणि मी त्या फटीत तार षड्ज लावला, सुरेल लावला, गज पुरा ओढून. हॉलमधून 'वाह' आली. मला इतका आनंद झाला की मी बाईंकडे बघितलंच नाही. कार्यक्रम संपला, त्यांनी चहा दिला, नीट बोलल्या, रागावल्या अजिबात नाहीत. फक्त त्यानंतर तीन वर्षं त्यांच्याकडून बोलावणं आलं नाही. घरी येऊन गुरुजींना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिच्या नावाने आलेलं पत्र तू तिच्या आधी फोडून वाचलंस." पुढे आठ दिवस त्यांनी मला व्हायोलिनला हात लावू दिला नाही, रोज संध्याकाळी मारवा गायला लावला, षड्ज न लावता.

माझे गुरुजी गवई होते, व्हायोलिन त्यांना वाजवता येत नव्हतं हेही सांगून ठेवते. बोटं कुठे ठेवायची, गज कसा धरायचा ते मला दुसऱ्या एका सरांनी शिकवलं, चार-पाच वर्षांत ते झालं. बाकी सगळं गळ्यातून आलं. तुमच्या मुलीची सात वर्षं झालीत म्हणता, तर मला पहिला प्रश्न हा पडतो की ती गाते का? म्हणजे स्टेजवर नाही, पण जी बंदिश वाजवते तिचे शब्द तिला पाठ आहेत का, आणि ती गाऊन दाखवू शकते का? कारण गज म्हणजे श्वास आहे. एका गजात किती स्वर घ्यायचे, गज कुठे पलटायचा, हे शब्द ठरवतात. शब्दातलं नवं अक्षर आलं की गज पलटतो, 'आ'कार लांबला की एकाच गजात मींड (स्वरावरून स्वरावर सरकत जाणं) जाते. शब्द माहीत नसलेला मुलगा गज कुठेही पलटतो, स्वर सगळे बरोबर असतात पण वाक्य मधेच तुटतं, आणि त्याला कळतही नाही काय चुकलं. त्यात व्हायोलिनला पडदे नाहीत. सतारीला पडदा असतो, हार्मोनियमला पट्टी दाबली की स्वर आला, इथे फिंगरबोर्ड गुळगुळीत, बोट सुतभर सरकलं की बेसूर. दरबारी रागाचा आंदोलित (हलत राहणारा) गंधार कुठे आहे हे डोळ्याने दिसत नाही, तो आधी गळ्यात किंवा कानात असावा लागतो, मग बोट तिथे आपोआप जातं. आपल्या ग्वाल्हेरचा टप्पा, तो झरझर तानांचा गायनप्रकार, तर गळ्यातून गेल्याशिवाय गजावर येतच नाही, मी दोन वर्षं नुसत्या बोटांनी प्रयत्न करून बघितला आहे.

पट्टीचं, म्हणजे षड्ज किती उंचीवर धरायचा त्याचं, पण तिला आत्ताच शिकवा, हे क्लासमध्ये कोणी शिकवत नाही. घरी ती एकाच पट्टीत वाजवत असणार. साथीत तसं चालत नाही, एकाच संध्याकाळी आधी काळी एकचे (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा ज्यांचा षड्ज) बुवा आणि मग काळी चारच्या बाई, आणि मधे दहा मिनिटं. घाबरलेला मुलगा चारही तारा पिळायला लागतो. खरं तर काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. मी काळी एकला खालच्या तारेपासून प-सा-प-सा लावते, बाई आल्या की तेच पंचम त्यांचे षड्ज होतात, त्या दोन तारांना हातच नाही लावायचा, उरलेल्या दोन एकेक सूर वर घेतल्या की सा-प-सा-प तयार. पण बोटांचा सगळा नकाशा बदलतो, षड्ज आता दुसऱ्याच तारेवर, म्हणून रोजच्या रियाजात दोन्ही पाहिजे. आणि काळी पाचच्या किंवा पांढरी एकच्या गायकाला चारही हलवाव्या लागतात, तारा बराच वेळ स्थिर होत नाहीत, अशा वेळी तबला मिळवणाऱ्या माणसाशी आपली दोस्ती असलेली बरी.

वेस्टर्नचं थोडक्यात सांगते. ते फार सुंदर संगीत आहे, मी स्वतः ऐकते. पण त्यात ऑर्केस्ट्रात बसण्याइतकं व्हायचं तर मुलं पाच-सहा वर्षांची असताना सुरू करतात, उभं राहून, हनुवटीखाली धरून, नोटेशन बघता बघता वाचत. तुमची मुलगी खाली बसून वाजवते, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं, त्यामुळे डाव्या हाताला वजन धरावं लागत नाही आणि तो हात मींडेसाठी मोकळा सरकतो, तेलाचं बोट लावून. सात वर्षांत तिचा हात तसा घडलाय. आणि कायमस्वरूपी ऑर्केस्ट्रा म्हणाल तर मुंबईत एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, तिथेही बरेच वादक परदेशातून आलेले. त्या एका दारासाठी हात मोडून पुन्हा घडवावा असं मी तरी नाही म्हणणार.

सायन्सचं काय? बारावी पूर्ण करू दे, यात माझं मत एकदम पक्कं आहे. नंतर ग्रॅज्युएशन संगीतात करायचं तर आपल्या गावात सोय आहे, राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठ २००८ पासून, आणि माधव संगीत महाविद्यालय तर १९१८ चं, माधवराव शिंदे महाराजांनी संगीतशास्त्री भातखंडेंच्या सल्ल्याने काढलेलं. डिग्रीने वाजवायला येत नाही हे खरं, पण डिग्रीशिवाय नोकरीही येत नाही. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते, केंद्रीय विद्यालयात म्युझिक टीचरची पोस्ट असते तिलाही कागद लागतात. माझ्याबरोबरच्या एका फार गुणी मुलाने डिग्री घेतली नाही, माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा, चाळिशीत त्याला बँडमध्ये कीबोर्ड वाजवावा लागला. १८ पूर्ण झाली की संस्कृती मंत्रालयाच्या यंग आर्टिस्ट स्कॉलरशिपला अर्ज करू दे, १८ ते २५ वयासाठी आहे, महिन्याला ५,००० रुपये आणि दोन वर्षं. रक्कम मोठी नाही पण त्यासाठी बोर्डापुढे जाऊन वाजवावं लागतं, ती सवय मोठी. आणि रेडिओची ऑडिशन, बी मिळाली तरी रडायचं नाही, बी, मग बी हाय, मग ए, आणि वर टॉप, मला बी हाय वरून ए व्हायला नऊ वर्षं लागली.

एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते, ती म्हणजे शरीर. अडतिसाव्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. तेव्हा रोज पाच तास सलग रियाज आणि त्यावर संध्याकाळी शिकवणं, दुखत होतं तरी तेल लावून वाजवत राहिले कारण डिसेंबरात तीन कार्यक्रम होते. मग हात केस विंचरायलाही वर जाईना. आठ महिने गज बंद, साथीची सगळी कामं दुसऱ्यांकडे गेली आणि त्यातली निम्मी परत आली नाहीत. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी विचारलं, सलग किती वेळ बसता, आणि मी सांगितल्यावर तिने डोळे मोठे केले. आता मी चाळीस मिनिटं वाजवते, दहा मिनिटं उठून फिरते, माझ्या सगळ्या मुलांनाही घड्याळ लावून देते. तुमची मुलगी दुखतंय म्हणाली तर "रियाज कमी पडतोय" असं म्हणू नका, त्याच दिवशी थांबवा. पाठ, मनगट, गुडघे, सगळं बघा. भिंतीला टेकून नाही, पण खाली नीट गादी हवी.

आणि आपल्या गावची हवा. मे महिन्यात लू (गरम कोरडा वारा) चालते तेव्हा लाकूड सुकून आकसतं, खुंट्या सटकतात, रात्री लावून ठेवलेलं व्हायोलिन सकाळी सैल सापडतं, खुंटीला थोडा खडू लावायचा. मग आपण कूलर लावतो, खोलीत एकदम दमट, आणि पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून हलत नाहीत. एकदा माझ्या व्हायोलिनचा सांधाच उघडला होता, आत फट पडून आवाज भुर्र यायला लागला. कूलरच्या झोताच्या खोलीत वाद्य ठेवू नका, पेटीत बंद करून आतल्या खोलीत, जिथे दिवसभर तापमान सारखं राहतं. गाडीच्या डिकीत तर कधीच नाही, प्रवासात मांडीवर. मी भोपाळ, दिल्ली, जबलपूर सगळीकडे रात्रीच्या गाड्यांनी गेले, व्हायोलिन उशाशी आणि पेटीचा पट्टा हाताला गुंडाळलेला. बाई म्हणून रात्रीचा प्रवास हा सुरवातीला घरच्यांना फार मोठा प्रश्न होता, माझ्या सासूबाई दोन वर्षं स्वतः माझ्याबरोबर यायच्या, मागे बसून तानपुरा धरायच्या. तुम्हालाही ते काही वर्षं करावं लागेल, त्याची तयारी ठेवा, कार्यक्रम साडेअकराला संपतात. वाद्य आत्ताच महाग घेऊ नका. रामपूरला व्हायोलिन बनवतात, सुरवातीला मीही रामपूरचंच वाजवलं. पैसे आधी चांगल्या तारांवर आणि गजावर घाला, गजाचे केस वर्षातून एकदा तरी बदलून घ्या, झिजलेल्या केसांवर कितीही राळ घासली तरी तार पकड घेत नाही.

मुंबई-पुण्याचं उरलेलं अर्धं उत्तर असं. पुढे चार-पाच वर्षांनी जावं लागेल, ऐकायला आणि लोकांना भेटायला, कारण इथे महिन्याला तितके कार्यक्रम होत नाहीत हे खरंच आहे. पण आत्ता, सोळाव्या वर्षी, तिला अनोळखी शहरात खोली घेऊन देण्यापेक्षा इथेच एका चांगल्या गवयाकडे घाला. आणि तानसेन समारोह सोडू नका. १९२४ पासूनचा समारोह, अख्ख्या देशातून लोक थंडीत कुडकुडत ऐकायला येतात आणि आपण हजिऱ्यापासून, म्हणजे तो भरतो त्या भागापासून, तीन-चार किलोमीटरवर राहून रजईत बसतो. सगळ्या सभांना तिला घेऊन जा, सकाळच्या पण. मी तिथे दोनदा साथीला बसले, बोटं इतकी गार की माझ्या मुलीने विंगेत गरम पाण्याची पिशवी धरून ठेवली होती. तिला सांगा की मुख्य कलाकाराकडे बघू नकोस, साथीदाराकडे बघ. गायक थांबतो तेव्हा तो काय करतो, कधी वाजवत नाही, मान कुठे वळते.

एन्ट्रन्सचा फॉर्म भरायचा की नाही हे मी इथून नाही सांगू शकत, तिला ऐकल्याशिवाय नाही. या किंवा पुढच्या रविवारी सकाळी आठला तिला घेऊन या, दौलतगंजमध्ये क्लास आहे तिथे. व्हायोलिन घरी राहू दे. तानपुरा लावून देईन, यमन गाईल पंधरा मिनिटं, जसा येईल तसा, आणि मग आपण तिघं चहा घेत बोलू.